स्पर्धेबाहेरचं गाव

चारुदत्त गणपतीसमोर उभे राहिले, हात जोडले, डोळे मिटले आणि उघडल्याबरोबर बाप्पाला सोडून बाप्पाच्या आजूबाजूला बघू लागले. लतिकाला तेव्हाच कळायला हवं होतं. पण ती बिचारी हातात पेढ्यांची थाळी घेऊन, आता कौतुक होणार म्हणून हसऱ्या चेहऱ्याने उभी होती.

चारुदत्त म्हणजे आखातातल्या रुवैसच्या मराठी मंडळाचे अध्यक्ष आणि घरगुती सजावट स्पर्धेचे परीक्षक. कारखान्यातून साहेब म्हणून निवृत्त व्हायला दोन वर्षं राहिलेला माणूस, त्यामुळे कुठेही गेले तरी तपासणीला आल्यासारखेच उभे राहत. सोबत त्यांच्या पत्नी मृणालिनीताई होत्या, त्या दुसऱ्या परीक्षक. यंदाचा विषय होता 'माझं गाव'.

लतिकाच्या, म्हणजे राऊळांच्या, हॉलमध्ये जेवणाचं टेबल भिंतीला लावलं होतं आणि त्यावर एक अख्खी गल्ली उभी होती. दोन्ही बाजूंना पांढऱ्या भिंतींची घरं आणि त्या भिंतींवर काळ्या लाकडाचे उभे, आडवे, तिरपे पट्टे. वरचे मजले खालच्यापेक्षा पुढे आलेले, रस्त्यावर झुकलेले. एकही घर सरळ नव्हतं. मध्ये आरशाच्या तुकड्याचं तळं, त्यावर दगडी पूल, आणि गल्लीच्या टोकाला शाडूचे बाप्पा, जणू त्या गावात भाड्याने जागा बघायला आलेत. लतिकाच्या मुलीने, तेरा वर्षांच्या काव्याने, हे सगळं एकटीने केलं होतं. आईला तिने टेबलाजवळ फिरकूही दिलं नव्हतं.

"वहिनी, एफर्ट्स आहेत हां, नो डाउट," चारुदत्त म्हणाले. "पण हे तर इंग्लंड झालं. थीम काय आहे? माझं गाव. हे आपलं गाव आहे का?"

"इट इज, अंकल," काव्या म्हणाली.

चारुदत्त मोठ्यांदा हसले. "बेटा, गाव म्हणजे नेटिव्ह प्लेस. जिथे आपले रूट्स असतात. व्हेकेशनला गेलो ते नाही काही!" मग लतिकाकडे वळून म्हणाले, "असं करा, उद्या संध्याकाळी आम्ही फायनल राउंडला येतोय. तोवर हे काळे पट्टे काढून टाका, वर लाल कार्डशीटची कौलं लावा, पुढे एक तुळशी वृंदावन. खलास. बैलगाडी मी देतो. देराच्या बाजारातून दोन आणल्या होत्या, पस्तीस दिरहॅमला एक. म्हणजे आठशे रुपयांच्या वर गेली, पण फिनिशिंग बघाल तर! नाहीतर मग नाइलाजाने स्पर्धेबाहेर ठेवावं लागेल. नियम म्हणजे नियम."

"मुलांना आपली मुळं कळली पाहिजेत हो," मृणालिनीताई गोड आवाजात म्हणाल्या. "म्हणून तर हा विषय ठेवला."

लतिकाने तोंड उघडलं, पण तिच्या आधी तिचा नवराच बोलला. "हो, हो, बदलू ना," सतीश म्हणाला. "काही प्रॉब्लेम नाही, दादा. उद्यापर्यंत करतो."

काव्याने बापाकडे बघितलं. मग ती आपल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं.

परीक्षक गेले आणि लतिकाच्या अंगाचा तिळपापड झाला. मुळं म्हणे! हे चारुदत्त जन्मले ठाण्यात, वाढले ठाण्यात, आणि गेली पंचवीस वर्षं रुवैसच्या वाळूत एसी लावून बसलेत. यांनी गाव बघितलं ते महामार्गावरच्या हॉटेलच्या खिडकीतून, आणि हे तिला गाव शिकवणार! बरं, बाकीच्यांनी काय दिवे लावले होते? सकाळपासून ती चार घरी दर्शनाला जाऊन आली होती. चारही घरी तोच हिरव्या कापडाचा माळ, तीच लाल कौलं, तीच विहीर आणि डोक्यावर हंडा घेतलेली तीच बाई. चार घरांची गावं चार जिल्ह्यांतली, एक विदर्भातलं, एक खानदेशातलं, पण देखावा एकच, कारण दुकान एकच. त्यांच्यातल्या एकाही पोराने ते गाव डोळ्यांनी बघितलेलं नव्हतं. ती सगळी स्पर्धेत होती. आणि जिने तीन आठवडे बोटं चिकटवून घेऊन काहीतरी मनापासून केलं, ती स्पर्धेबाहेर.

पण खरी तिडीक तिच्या डोक्यात गेली ती सतीशमुळे.

"बदलू ना म्हणे! तुला कोणी विचारलं होतं?" ती म्हणाली. "पोरीचं तोंड बघितलंस? तिने केलंय आणि बदलणारा तू कोण?"

"अगं, मंडळाची स्पर्धा आहे. कशाला उगाच इश्यू करायचा?" सतीशने टीव्हीचा रिमोट उचलला. "लाल कौलं लावायला किती वेळ लागतो?"

"प्रश्न वेळेचा आहे का?"

"लतू, ते म्हणतात त्यात चूक काय आहे? ते इंग्लंडच आहे. आपलं गाव नाही ते."

हे मात्र लतिकाला खोडून काढता येईना, आणि म्हणून ती आणखी चिडली. कारण ते खरंच इंग्लंड होतं. जुलैतच तर ते जाऊन आले होते.

रुवैसचा उन्हाळा सुरू झाला की इथली माणसं पळतात. कोणी पुण्याला, कोणी नाशिकला, आणि वर्षभर पैसे बाजूला टाकले असतील तर युरोपला. यंदा राऊळांनी इंग्लंड केलं. लंडनमध्ये सगळं बघून पाय दुखायला लागल्यावर टूरवाल्याने त्यांना एका जुन्या गावात नेलं. पाचशे-सहाशे वर्षांची घरं, सगळी अजून उभी आणि बहुतेकांत अजून माणसं राहत होती. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची ती वाकडी घरं एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून उभी होती, खिडक्यांतून लाल फुलं लोंबत होती, आणि बसमधून उतरलेले सगळे प्रवासी फोन वर करून उभे होते. लतिकालाही ते गाव फार आवडलं. इतकं जुनं आणि इतकं जपलेलं! दारांच्या चौकटी इतक्या बुटक्या की उंच गोरी माणसं वाकून आत जात होती.

त्यातलं एक घर आतून बघता येत होतं. आत एका भिंतीचा चौकोन मुद्दाम उघडा ठेवून त्यावर काच लावली होती. तिथली पांढऱ्या केसांची बाई अभिमानाने सांगत होती: लाकडाची चौकट, मध्ये विणलेल्या काठ्या, आणि त्यावर माती, पेंढा आणि गाईचं शेण एकत्र मळून लिंपलेलं. शेण म्हटल्यावर प्रवाशांतली पोरं खिदळली. बाई म्हणाली, हसू नका, याच्यामुळेच ही भिंत तुमच्या आजोबांच्या आजोबांपेक्षा म्हातारी आहे. लतिका तेवढं ऐकून चहाच्या रांगेत जाऊन उभी राहिली. चहा घेऊन आली तर बाप-लेक अजून त्या काचेपाशीच होते. बाईचं बोलणं संपून गर्दी पुढे गेली होती. सतीश हळू आवाजात काहीतरी सांगत होता, काव्या ऐकत होती, आणि सतीशचे डोळे लाल झाले होते.

"काय झालं रे?" तिने विचारलं होतं.

"अ‍ॅलर्जी," तो म्हणाला होता. "जुन्या घराची धूळ."

मग परतीच्या वाटेवर बसमध्ये तो सगळा वेळ खिडकीबाहेर बघत होता. लतिकाला वाटलं होतं, दमला असेल.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, दुपारची जेवणं झाली. बाहेर ऊन असं होतं की रस्त्यावर मांजरसुद्धा नव्हतं. सतीश सोफ्यावर आडवा झाला, काव्या खोलीतून बाहेर येईना, आणि लतिका कात्री आणि लाल कार्डशीट घेऊन टेबलापाशी उभी राहिली. सकाळपासून तिने मनाशी दहा वेळा ठरवलं आणि मोडलं होतं. शाळेत गणित शिकवणारी बाई ती, आकडे मांडले की उत्तर यायलाच हवं अशी तिची समजूत. आणि इथे उत्तर एकच येत होतं: नियम नियम आहे, पोरीला निदान स्पर्धेत तरी राहू दे, रडेल एक दिवस आणि विसरेल. कौलं बसवायची तर मागून आधार लागेल म्हणून तिने पहिलं घर उचललं आणि फिरवलं.

मागे पांढरा रंग नव्हता. काळे पट्टे नव्हते. मागच्या बाजूला बारीक काड्या एकीखालून एक, एकीवरून एक अशा विणल्या होत्या. रस्त्याकडेच्या खजुरांची पानं नगरपालिकेची माणसं छाटून टाकतात, त्यांच्या त्या काड्या होत्या. अर्ध्या भागावर माती लिंपली होती आणि मातीवर बोटांचे ठसे तसेच होते. लतिकाने दुसरं घर फिरवलं. तेही तसंच. सगळी गल्ली पुढून इंग्लंड होती आणि मागून भलतंच काहीतरी. शेवटच्या घरामागे मातीचा एक खड्डा केला होता आणि त्यात दोन बाहुल्या होत्या, एक नऊवारी नेसलेली बाई आणि एक मुलगा. दोघांचे पाय घोट्यापर्यंत चिखलात होते.

घरात आठवडाभर ओल्या मातीचा वास येत होता तेव्हा लतिका ओरडली होती, की कुंडीची माती आत कशाला आणलीस. म्हणजे ती माती यासाठी होती.

ती काव्याच्या खोलीत गेली. "हे मागे काय केलंयस?"

काव्या पलंगावर गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. "आस्क बाबा."

"मी तुला विचारतेय."

"आय कान्ट टेल यू, मम्मा. आय प्रॉमिस्ड." तिचा आवाज फुटला. "सो आय मेड इट. मेकिंग इज नॉट टेलिंग. अँड दे ओन्ली लुक्ड फ्रॉम द फ्रंट!"

लतिका बाहेर आली. सतीश सोफ्यावर उठून बसला होता. टेबलावरची घरं पाठमोरी उभी होती आणि त्याची नजर त्यांच्यावर होती.

"तू तिला काय सांगितलंस?" लतिकाने विचारलं. "त्या इंग्लंडच्या घरात?"

मूग गिळून बसायची त्याची जुनी सवय. एरवी लतिका दहा मिनिटं आपणच बोलून विषय संपवून टाकायची. या वेळी ती समोरच्या खुर्चीत बसली आणि गप्प राहिली, आणि ते त्याला सहन होईना.

"आमचं घर असं होतं," शेवटी तो म्हणाला. "कुडाचं."

"कुठलं घर?"

"गावचं. माझं. कारवीच्या काठ्या विणायच्या आणि वर माती-शेणाचा गिलावा. दर वर्षी गणपतीच्या आधी आई नवीन लिंपायची. मी माती तुडवून द्यायचो."

"तुमचं घर चिऱ्याचं आहे," लतिका म्हणाली. "मी राहून आलेय तिथे."

"ते मी बांधलं. लग्नाआधी."

मग हळूहळू, एकेक शब्द ओढून काढावा तसं, सगळं बाहेर आलं. सतरा वर्षांपूर्वी पुण्यात बघण्याचा कार्यक्रम झाला. सतीश नुकताच गल्फला लागलेला, सुट्टीवर आलेला. पोहे झाले, चहा झाला, आणि लतिकाच्या बाबांनी विचारलं, गावाकडचं घर पक्कं आहे ना? तो म्हणाला, हो, चिऱ्याचं आहे. का म्हणाला ते त्यालाही कळलं नाही. तोंडातून निघून गेलं. मग लग्न ठरलं आणि लग्नानंतर सत्यनारायणाला पुण्याची माणसं गावी येणार हेही ठरलं. आता काय करायचं? त्याने घर पाडायला लावलं.

"आई म्हणाली, एवढा पावसाळा जाऊ दे," तो म्हणाला. "मी फोनवर ओरडलो तिच्यावर. म्हटलं, पुण्याची माणसं येणार आहेत, शेणाच्या भिंती दाखवू का त्यांना? मग ती काही बोलली नाही. नवीन घर होईपर्यंत गोठ्यात राहिली. आख्खा पावसाळा."

लतिकाला सासूबाई आठवल्या. लग्नानंतर ती चारच दिवस त्या घरात राहिली होती. नवं कोरं घर, भिंतींना गुलाबी रंग, आणि म्हातारी संध्याकाळ झाली की दिव्याचं बटण शोधत भिंत चाचपायची. तेव्हा लतिकाला नवल वाटलं होतं, की स्वतःच्या घरात या बाईला बटणं कशी सापडत नाहीत. पुढच्या वर्षी त्या गेल्याच. नंतर घर कायमचं बंद झालं. दर सुट्टीला लतिका म्हणायची, एकदा काव्याला गाव दाखवू या. दर वेळी सतीशला काहीतरी काम निघायचं.

"सतरा वर्षं!" ती उठून उभी राहिली. "सतरा वर्षं माझ्याशी खोटं बोललास? आणि तेरा वर्षांच्या पोरीला सांगितलंस, वर तिच्याकडून वचन घेतलंस, आईला सांगू नकोस म्हणून? मी काय तुझी परीक्षक आहे? तुझ्या घराला मार्क देणार होते मी?"

"तुझे बाबा..."

"माझ्या बाबांचं नाव घेऊ नकोस. लग्न माझ्याशी केलंस." तिला रडू येत होतं आणि रडू येतंय याचाही राग येत होता. "आपण तिकडे शंभर माणसांच्या रांगेत उभं राहून शेणाची भिंत काचेतून बघितली, सतीश! काचेतून! लोक फोटो काढत होते. आणि आपली होती ती तू पाडलीस, आणि त्या बाईला गोठ्यात ठेवलंस, कशासाठी, तर आम्ही नाक मुरडू म्हणून. विचारलंस का कोणाला, की मुरडाल का?"



लतिकाने कात्री आणि लाल कार्डशीट त्याच्या पुढ्यात ठेवली. "कौलं लावायची तर तूच लाव. तुझ्या हाताने. एकदा पाडलंस, आता पुन्हा पाड. मी हात लावणार नाही आणि पोरीलाही लावू देणार नाही."

ती आत गेली आणि मोदकांची उकड काढायला लागली. उकड मळताना तिने परातीवर इतके हात आपटले की काव्या दारात येऊन बघून गेली. बाहेरच्या खोलीतून कसलाच आवाज येत नव्हता. कात्रीचाही नाही. दोनदा तिला वाटलं, जाऊन बघावं. पण ती गेली नाही. तो काय करतो ते त्याचं त्यालाच ठरवू दे, या हट्टाने ती नारळाचं सारण ढवळत राहिली, आणि ढवळताना तिच्या मनात एकच भीती होती. हा माणूस भिडस्त आहे. चारुदत्तांच्या बैलगाडीसाठी हा ते घर दुसऱ्यांदा पाडेल, पोरगी ते बघेल, आणि त्यानंतर ती बापाला कधी काही विचारणार नाही.

संध्याकाळी बेल वाजली. चारुदत्त खरोखरच बैलगाडी काखोटीला मारून आले होते. मागे मृणालिनीताई आणि मंडळातली आणखी दोन-तीन कुटुंबं. लतिका हात पुसत बाहेर आली.

कार्डशीट कोरी होती. कात्री जिथे ठेवली तिथेच होती. पण घरं सगळी फिरवलेली होती आणि आता मागची बाजू पुढे आली होती. मातीच्या, काड्यांच्या त्या भिंती दिव्यांच्या माळेत तांबूस दिसत होत्या. चिखलातली बाई आणि मुलगा बाप्पाच्या अगदी पायाशी आले होते. सतीश इस्त्रीचा कुर्ता घालून टेबलाशेजारी उभा होता आणि त्याच्या उजव्या हाताच्या नखांत माती होती.

"अरे वा, चेंज केलंत!" चारुदत्त म्हणाले. मग जवळ आले, वाकले, आणि त्यांचा चेहरा पडला. "पण हे काय? झोपडपट्टी का?"

खोलीत कोणीतरी खोकलं. लतिकाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण तिने ओठ घट्ट मिटले. तिची पाळी नव्हती.

"माझं घर आहे," सतीश म्हणाला.

"म्हणजे?"

"माझं गाव, माझं घर. कुडाचं होतं. मी त्यात जन्मलो."

"हो का?" चारुदत्त गडबडले. "नाही, म्हणजे, तसं काही नाही. पण मग निदान कौलं तरी... ते कसं ऑथेंटिक वाटतं."

"कौलां खंयची!" सतीश एकदम ओरडला. लग्नाला सतरा वर्षं झाली, पण लतिकाने त्याला मालवणीत बोलताना ऐकलं नव्हतं, आणि ओरडताना तर मुळीच नाही. "कौलां घेवक पैसे होते कोणाकडे? गवतान शाकारलेलां घर होतां. दर पावसाक गळायचां. तुळशी वृंदावन नव्हतां, तुळशीक डबो होतो. बैलगाडी नव्हती. आमच्या अख्ख्या वाडीत बैलगाडी नव्हती, डोंगर होतो तो सगळो!"

मृणालिनीताईंनी पदर सावरला. काव्या आपल्या खोलीच्या दारात आली होती आणि तिला बहुतेक निम्मंही कळलं नसावं, पण ती बापाकडे टक लावून बघत होती.

"सतीशराव, तुम्ही मनाला लावून घेऊ नका," चारुदत्त म्हणाले. "पण बाकीच्या एन्ट्रीज बघता... कम्पेअर कसं करायचं? विषयाला एक लूक ठरलेला आहे."

"मग ठेवा बाहेर," लतिका म्हणाली. तिला आता राहवलं नाही. "दादा, तुम्ही काल मुळं मुळं म्हणत होतात ना? ही घ्या. यांना माती लागलेली आहे, म्हणून ओळखू आली नाहीत तुम्हाला. आता आरतीला थांबा, मोदक खाऊन जा, आणि ती बैलगाडी जाताना आठवणीने न्या."

आरती झाली. खालच्या मजल्यावरच्यांना त्रास नको म्हणून रुवैसमध्ये सगळेच आरती दबक्या आवाजात म्हणतात, पण त्या दिवशी लतिकाने टाळ जरा जोरातच वाजवले. चारुदत्त दोनच मोदक खाऊन निघाले. बाकीची माणसंही पांगली. जाताना एक शेजारीण लतिकाचा हात दाबून म्हणाली, आमच्या आजोळी असंच घर होतं गं, पण बोलायचं कसं. लतिकाला तिचाही रागच आला. काल चार घरांतली एक ही होती, लाल कौलंवाली.

तेवढ्यात बोटिम अ‍ॅपवर पुण्याहून व्हिडिओ कॉल आला. दर गणपतीला आरतीनंतर लतिकाचे बाबा बाप्पाचं दर्शन घ्यायचे. लतिका फोन घ्यायला गेली, पण सतीशने आधी उचलला.

"नमस्कार बाबा."

"हां, जावईबापू! दाखवा, दाखवा बाप्पा." पडद्यावर बाबांचं कपाळ आणि अर्धा चष्मा दिसत होता. "अरे वा. मूर्ती छान आहे. आजूबाजूला काय केलंय?"

"बाबा, मला एक सांगायचंय तुम्हाला," सतीश म्हणाला. तो ताठ उभा होता. "बघायला आलो होतो तेव्हा तुम्ही विचारलं होतं, गावचं घर पक्कं आहे ना. मी हो म्हणालो. ते खोटं होतं. आमचं घर कुडाचं होतं. माती-शेणाचं. हे बघा, असं. तुम्ही सगळे गावी येण्याआधी मी ते पाडलं आणि दुसरं बांधलं."

बाबांनी फोन डोळ्यांजवळ आणला.

"मी विचारलं होतं?" ते म्हणाले.

"हो बाबा."

"मी? घर पक्कं आहे का म्हणून? असेल बुवा. मुलीच्या बापाने काहीतरी विचारायचं म्हणून विचारतो माणूस, गप्प बसलं तर बरं दिसत नाही." ते हसले. "मला तर काहीच आठवत नाही. आणि हो, खरंच पाडलंत की काय? कशाला पाडलंत? मातीचं घर किती गार असतं! बरं, ते जाऊ दे. मोदक उकडीचे केलेत की तळणीचे?"

सतीश फोन हातात धरून तसाच उभा राहिला. उकडीचे की तळणीचे, एवढंही त्याला सांगता येईना. काव्या पुढे आली आणि बापाच्या कुर्त्याची बाही धरून उभी राहिली.

लतिका कालपासून चारुदत्तांवर चिडली होती, मंडळावर चिडली होती, नवऱ्यावर तर दुपारभर धुमसत होती. पण बाबांचं ते हसणं ऐकलं आणि तिचा सगळा राग एका जागी गोळा झाला. एक म्हातारी आख्खा पावसाळा गोठ्यात राहिली. एक माणूस सतरा वर्षं आपल्या गावाचं नाव काढायला घाबरला. आणि ज्याच्या प्रश्नासाठी हे सगळं झालं, त्याला प्रश्नच आठवत नव्हता.

तिने सतीशच्या हातातून फोन घेतला.

"बाबा, मोदक नंतर," ती म्हणाली. "आधी आठवा."

"अगं, काय आठवा? सतरा वर्षं झाली त्याला!"

"माहितीये. आपल्या पुण्याच्या घरात, पुढच्या खोलीत. हा कुठे बसला होता, तुम्ही कुठे बसला होता, काय शब्दांत विचारलंत, सगळं नीट आठवा." तिने खुर्ची ओढली आणि टेबलासमोर बसली. "मी थांबलेय. तुम्हाला आठवेपर्यंत मी फोन ठेवणार नाही."